छायाचित्रांस मागाहून जोडलेले स्थलांक : एक परीक्षण

महाराष्ट्रांतील वीरगळ, शिलालेख, देवळें, गढ्या व किल्ले यांचीं छायाचित्रें घेऊन त्यांचे संग्रह करण्याचें काम गेल्या पंधरावीस वर्षांत ज्या वेगानें वाढलें आहे तो पाहून कोणाही इतिहासप्रेमी मनुष्यास समाधान वाटावें. पूर्वीं एका शिलालेखाचा ठसा मिळविण्यासाठीं संशोधकास बैलगाडीनें किंवा पायीं मजल दरमजल करीत जावें लागे. आतां खेड्यांतील शाळकरी मुलगा खिशांतील मोबाइलवर दहा चित्रें घेतो आणि सायंकाळच्या आंत तीं पुण्यास पोहोंचतात. परंतु चित्र हातीं आलें म्हणजे साधन हातीं आलें असें नव्हे. चित्रांतील वस्तु कोठली, हें निश्चयानें सांगतां आल्यावांचून तें चित्र इतिहासाच्या कामीं येत नाहीं. रस्ता रुंद करतांना, धरण बांधतांना किंवा देवळाचा जीर्णोद्धार करतांना मूळ दगड नाहींसा झाला म्हणजे तर चित्र व त्याबरोबरची नोंद एवढाच पुरावा मागें उरतो. ती नोंद खोटी निघाली तर पुरावा नसता तर बरें, असें म्हणण्याची पाळी येते.

ही ‘कोठली’ची नोंद आजकाल शब्दांनीं न करतां अंकांनीं करण्याचा प्रघात आहे. डिजिटल चित्राच्या फाइलीच्या पोटांत डोळ्यांस न दिसणारी एक लहानशी पुरवणी असते. चित्र घेतल्याचा दिवस व वेळ, कॅमेऱ्याचें नांव, भिंगाचें मोजमाप आणि स्थळाचे अक्षांश-रेखांश हीं सर्व तींत लिहितां येतात. या पुरवणीचे नियम ‘एक्झिफ’ या नांवानें ओळखले जातात. जपानांतील एका उद्योगसंघानें ते प्रथम १९९५ सालीं प्रसिद्ध केले व पुढें त्यांच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या निघाल्या. मोबाइलमध्यें उपग्रहांवरून स्थान काढणारें यंत्र असल्यामुळें चित्र घेतांच हे अंक आपोआप उमटतात. पण पुष्कळ चांगल्या कॅमेऱ्यांत असें यंत्र नसतें. जेथें असतें तेथेंही त्याचा उपयोग सर्वत्र होत नाहीं : पाताळेश्वरासारख्या खडकांत कोरलेल्या लेण्यांत, किंवा कार्ले येथील चैत्यगृहाच्या आंत, उपग्रहांचा संकेत नीट पोहोंचत नाहीं, कसबा व शनिवार पेठांतील अरुंद बोळांत तो भिंतींवर आपटून वांकडा येतो. शिवाय व्हॉट्सॅपवरून चित्र चित्र म्हणूनच पाठविलें कीं ही पुरवणी वाटेंतच गळून पडते, आणि पाठविणारास त्याची वार्ताही नसते. अशा सर्व प्रसंगीं अंक मागाहून जोडावे लागतात. या मागाहून जोडण्याच्या क्रियेचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, या क्रियेस आमचा विरोध नाहीं. गांवांचीं, पेठांचीं व पुलांचीं नांवें बदलतात, अंक बदलत नाहींत. पुण्यांतच पाहा. आजची रविवार पेठ पूर्वीं मलकापूर होती, सोमवार पेठ शहापूर होती, शनिवार पेठेस मुर्तजाबाद म्हणत. १९२३ सालीं लॉइडसाहेबाच्या नांवानें उघडलेला पूल आज शिवाजी पूल आहे, आणि लोक त्याला ‘नवा पूल’ म्हणतात. लकडी पुलांत लांकूड राहिलें नाहीं व कागदोपत्रीं तो संभाजी पूल झाला, तरी तोंडांतून लकडी पूल हेंच नांव निघतें. १८८६ सालचें रे मार्केट आज महात्मा फुले मंडई आहे. चित्राच्या पाठीवर यांपैकीं एखादें नांव लिहिलेलें असलें तर शंभर वर्षांनंतरच्या वाचकास तें उलगडून घेण्यास एक स्वतंत्र टिपण लागेल. अंकांस तसें टिपण लागत नाहीं. तेव्हां अंक हवेत. प्रश्न आहे तो ते कोणत्या वस्तूचे, कोणीं, कशाच्या आधारें व किती विश्वासानें लिहिले हा.

पहिला प्रश्न ‘कोणत्या वस्तूचे’ हा. आणि आमच्या मतें सर्व घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. चित्राचें स्थळ म्हणजे चित्र घेणारा जेथें उभा होता तें स्थळ, कीं चित्रांतील वस्तु जेथें आहे तें स्थळ? सिंहगडावर उभें राहून तोरण्याचें चित्र घेतलें तर या दोन स्थळांत पंधरासतरा किलोमीटरांचें अंतर पडतें. संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस हा प्रश्न नवा वाटणार नाहीं. अधिकरण हें क्रियेचा आधार खरें, पण तो आधार साक्षात् नसतो. कर्त्याच्या किंवा कर्माच्या द्वारें असतो, असें वैयाकरण सांगतात. देवदत्त चटईवर बसतो, येथें चटई कर्त्याला धारण करते. तोच देवदत्त भांड्यांत भात शिजवितो, येथें भांडें कर्माला धारण करतें. दोन्ही ठिकाणीं सप्तमीच. म्हणून देवदत्त भांड्यांत बसला आहे असें कोणी समजत नाहीं. छायाचित्रांच्या संग्रहांत मात्र तसें समजण्याचा प्रकार नित्य चालतो. यंत्रानें आपोआप उमटविलेला अंक देवदत्ताच्या चटईचा असतो. माणसानें नकाशावर बोट ठेवून मागाहून जोडलेला अंक बहुधा भाताच्या भांड्याचा असतो. आणि दोन्ही एकाच रकान्यांत लिहिले जातात. एकाच संग्रहांत, एकाच देवळाच्या दोन चित्रांस दोन निरनिराळ्या अर्थांचे अंक मिळतात, आणि पाहणारास वाटतें कीं दोहोंपैकीं एक चुकलेला आहे.

नवल असें कीं, एक्झिफच्या शास्त्रकारांनीं हा भेद ओळखला होता. कॅमेऱ्याच्या स्थानासाठीं एक रकाना, लक्ष्यभूत वस्तूच्या स्थानासाठीं दुसरा, आणि कॅमेऱ्याचें तोंड कोणत्या दिशेस होतें हें लिहिण्यासाठीं तिसरा, अशी सोय त्यांत आहे. विकिमीडिया कॉमन्स या सार्वजनिक चित्रसंग्रहानेंही कॅमेऱ्याच्या व वस्तूच्या स्थानांसाठीं दोन निरनिराळे सांचे ठेविले आहेत, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु मागाहून अंक जोडण्याचीं जीं साधनें सर्वसामान्य लोक वापरतात त्यांपैकीं बहुतेकांत नकाशा पुढें येतो, टांचणी टोंचा म्हणून आज्ञा होते, आणि टांचणी कशाची हें कोणी विचारीत नाहीं. शास्त्र चांगलें आणि प्रयोग वाईट, असा हा प्रकार आहे.

साहित्यशास्त्रांतील ‘गंगेवरील गवळवाडा’ हें लक्षणेचें जुनें उदाहरणही येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. गंगेवर वाडा म्हणजे गंगेच्या तीरावर, हें ऐकणारा आपल्या बुद्धीनें समजतो. अंकांस लक्षणा नसते. ओंकारेश्वराचें चित्र नदीच्या पलीकडल्या तीरावरून घेऊन ‘मुळें नदींतच कुठेंतरी’ म्हणून टांचणी टोंचली, तर देऊळ मुठेच्या पात्रांत जाऊन बसतें, आणि पुढें कोणी पूररेषेचा अभ्यास करूं लागला तर त्यास तें तेथेंच सांपडतें. ही थट्टा नव्हे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेच्या कांठच्या वस्तीचें जें झालें, त्याचा अभ्यास करणारास पुरापूर्वींच्या चित्रांतील घरें पात्रापासून किती हातांवर होतीं हें पाहावेंच लागतें.

कर्ता व कर्म यांच्या स्थानांहून वेगळें असें आणखी एक तिसरें स्थान कधीं कधीं असतें, व त्यास एक्झिफमध्यें रकाना नाहीं. कोथरूड येथील मस्तानीच्या वाड्याचे अवशेष पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आणून त्यांतून ‘मस्तानी महाल’ पुन्हां उभारलेला आहे. संग्रहालयांत जाऊन कोणी त्याचें चित्र घेतलें तर कॅमेरा शुक्रवार पेठेंत, वस्तूही शुक्रवार पेठेंतच. दोन्ही अंक बरोबर, आणि तरीही कोथरूडचा उल्लेख नसेल तर नोंद दिशाभूल करणारी. वीरगळांच्या बाबतींत तर हें पावलोपावलीं घडतें. गांवच्या शिवेवर किंवा शेताच्या बांधावर पडलेला वीरगळ गांवकरी भक्तीनें किंवा अडचण दूर करण्यासाठीं उचलतात आणि मारुतीच्या देवळासमोर आणून ठेवितात. आजचा अंक देवळाचा; लढाई कोठें झाली, वीर कोठें पडला, याविषयीं त्या अंकांस कांहींच ठाऊक नाहीं. पण नकाशावर वीरगळांचे ठिपके पाहून ‘या देवळांच्या रांगेनें जुना लढाऊ मार्ग जात असे’ असा सिद्धांत मांडणारा अभ्यासक निघण्यास उशीर लागणार नाहीं. ताम्रपटांच्या बाबतींत सांपडल्याचें ठिकाण, दान दिलेलें गांव आणि आज ठेविल्याचें ठिकाण हीं तीन वेगवेगळीं सांगण्याची शिस्त आपल्याकडे रुळलेली आहे. तीच शिस्त चित्रांस लावण्यास हरकत ती कोणती?

याच्या उलट प्रकारही आहे. आजचा लाल महाल ही पुणें महानगरपालिकेनें १९८० नंतरच्या दशकांत बांधलेली इमारत आहे. तिच्या चित्रास सहा दशांशांपर्यंत अचूक अंक जोडले म्हणजे शिवकालीन लाल महालाचें स्थान सहा दशांशांपर्यंत ठरलें, असें होत नाहीं. अंकांची सूक्ष्मता ही प्रमाणाची सूक्ष्मता समजण्याचा मोह फार मोठा आहे. अक्षांशाच्या चवथ्या दशांशाची किंमत जमिनीवर सुमारें अकरा मीटर, पांचव्याची सुमारें एक मीटर. मोबाइलचें यंत्र उघड्या आकाशाखालीं पांचएक मीटरांच्या आंत स्थान सांगतें. असें असतां सहावा व सातवा दशांश लिहिणें म्हणजे कुडव-पायलीनें मापलेल्या धान्याचें वजन गुंजांत सांगण्यासारखें आहे.

आतां अंक लिहितांना होणाऱ्या ढोबळ चुका पाहूं. त्या हास्यास्पद आहेत, पण दुर्मिळ नाहींत. शनिवारवाडा सुमारें १८ अंश ३१ कला उत्तर व ७३ अंश ५१ कला पूर्व येथें आहे. कला हे अंशाचे साठावे भाग, शतांश नव्हेत, हें विसरून कोणी १८.३१ व ७३.५१ असें लिहिलें, तर वाडा दक्षिणेस सुमारें तेवीस व पश्चिमेस सुमारें छत्तीस किलोमीटर सरकतो आणि सह्याद्रीच्या रांगेंत, रायगडापासून दहाअकरा किलोमीटरांवर जाऊन पडतो. पेशव्यांस छत्रपतींच्या राजधानीजवळ नेऊन ठेवण्याचा हा सोपा मार्ग खरा! अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल झाली तर तोच वाडा नॉर्वेच्या उत्तरेस गोठणाऱ्या समुद्रांत जातो. आणि एक्झिफमध्यें ‘पूर्व’ किंवा ‘पश्चिम’ हें अक्षर अंकांपासून वेगळ्या रकान्यांत लिहावयाचें असल्यामुळें तें चुकून ‘पश्चिम’ पडलें, तर पेशव्यांची गादी अमेरिकेजवळच्या हैतीच्या नैर्ऋत्य भागांत स्थापन होते. या चुका मोठ्या असल्यामुळें लगेच ध्यानांत येतात व म्हणून फारशा बाधक नाहींत. बाधक आहेत त्या लहान चुका.

अशी एक लहान चूक जुन्या नकाशांवरून येते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे, उदाहरणार्थ पुण्याचा भाग ज्यांत येतो ते ‘४७ एफ’ या विभागांतील, एव्हरेस्टनें १८३० सालीं पृथ्वीचा जो आकार धरला त्यावर आधारलेले आहेत. उपग्रहांचे अंक १९८४ सालच्या जागतिक मानावर. एकाच दगडाचे दोन मानांवरील अंक पुण्याजवळ शंभराहून अधिक मीटरांनीं वेगळे पडतात. जुन्या नकाशावरून मोजपट्टीनें काळजीपूर्वक काढलेला अंक जसाच्या तसा पुरवणींत लिहिणारा मनुष्य आळशी नसतो. उलट इतरांहून मेहनती असतो, आणि त्याचीच चूक सर्वांत उशिरां सांपडते. पेठेंतल्या दाट वस्तींत शंभर मीटरांत दोनतीन देवळें येऊन जातात. अंक कोणत्या मानावरचे हें लिहिण्यास एक्झिफमध्यें रकाना आहे. तो भरलेला आमच्या पाहण्यांत क्वचितच आला.

दुसरी चूक घड्याळाची. कॅमेऱ्यांत उपग्रहयंत्र नसेल तर फिरणारा मनुष्य खिशांत वेगळें यंत्र किंवा मोबाइल ठेवितो. तें त्याच्या वाटेची क्षणाक्षणाची नोंद करीत जातें, आणि घरीं आल्यावर चित्राची वेळ व वाटेची वेळ जुळवून प्रत्येक चित्रास अंक दिले जातात. आमच्या मतें मागाहून जोडण्याच्या सर्व पद्धतींत ही श्रेष्ठ होय, कारण तींत माणसाच्या स्मृतीवर भार नाहीं. परंतु तींत सर्व भार घड्याळावर आहे. उपग्रहांची वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ, कॅमेऱ्याची स्थानिक. दोहोंत साडेपांच तास. कॅमेऱ्याचें घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेचें हें लिहिण्याची सोयच एक्झिफमध्यें २०१६ च्या आवृत्तीपर्यंत नव्हती. साडेपांच तासांची चूक झाली तर ती कळते, कारण सर्व चित्रें मनुष्य अंथरुणांत असतांना घेतलेलीं निघतात. पण घड्याळ पांचच मिनिटें मागें असलें तर? पायीं चालणारा पांच मिनिटांत साडेतीनशें-चारशें मीटर जातो. म्हणजे शनिवारवाड्यापासून लाल महाल ओलांडून कसबा गणपतीच्या आसपास पोहोंचतो. सर्व चित्रें एक एक देऊळ मागें सरकतात, आणि प्रत्येक अंकाजवळ कोणतें ना कोणतें देऊळ असल्यामुळें शंका येत नाहीं. यावर उपाय अगदीं साधा आहे. फिरण्यास निघतांना पहिलें चित्र त्या उपग्रहयंत्राच्या घड्याळाचें घ्यावें. मग दोन्ही वेळांतील अंतर कायमचें नोंदलेलें राहतें.

तिसरी पद्धत नांवावरून अंक शोधण्याची, आणि ती सर्वांत वाईट. यंत्रास गांवाचें नांव सांगितलें कीं तें एक बिंदु देतें. पण १७७९ च्या जानेवारींत इंग्रजांनीं मराठ्यांशीं तह केला तें वडगांव मावळांतलें. पुण्याच्या आसपास वडगांव शेरी आहे, वडगांव बुद्रुक आहे, वडगांव खुर्द आहे. यंत्र यांपैकीं कोणतें देईल याचा नेम नाहीं. आणि बरोबर गांव मिळालें तरी बिंदु गांवाच्या मध्याचा मिळतो, देवळाचा नव्हे. त्यांतच एका तालुक्याच्या सफरींतील दोनशें चित्रें एकदम निवडून सर्वांस एकच अंक चिकटविण्याची सोय साधनांत असते, व ती वापरली जाते. पोथ्या पाहिलेल्या मनुष्यास हा प्रकार परिचित आहे : लेखक नकलून घेतांना मूळ पोथीची पुष्पिका शकासह उतरून काढतो, आणि नवी पोथी शंभर वर्षांनीं जुनी होते.

जुन्या छायाचित्रांच्या डिजिटल प्रतींचा विचार वेगळा करावा लागतो. मुंबईस छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीं स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकांत दख्खनचीं जीं चित्रें निघालीं तीं आज प्रतिरूपानें सर्वांस पाहावयास मिळतात. प्रत काढली तो दिवस व मूळ चित्र घेतलें तो दिवस हे वेगळे रकान्यांत लिहिण्याची सोय आहे, पण प्रत काढणारें यंत्र आपलाच दिवस दोन्हींकडे लिहून ठेवितें असें पुष्कळदां आढळतें. त्याहून विलक्षण प्रकार घरोघरीं घडतो. सदाशिव पेठेंतील एखाद्या घराच्या भिंतीवर आजोबांच्या काळचें सिंहगडाचें चित्र टांगलेलें असतें. नातू मोबाइलनें त्या चित्राचें चित्र घेतो. आणि सिंहगड सदाशिव पेठेंत येतो. येथें मागाहून अंक बदलणें हा दोष नसून कर्तव्य आहे.

असें कर्तव्य नीट कसें बजावावें याचें एक उदाहरण देतों. पर्वतीच्या पायथ्याचें तळें, जें नानासाहेब पेशव्यांच्या काळीं बांधलें गेलें, तें आज नाहीं. त्या भागांत सारसबाग आहे, आणि तळ्यांतल्या गणपतीस ‘तळ्यांतला’ हें विशेषण तेवढें उरलें आहे. तळें भरलेलें असतांना त्याच्या कांठावरून घेतलेल्या पर्वतीच्या चित्रास अंक द्यावयाचे आहेत. ‘सारसबाग’ म्हणून टांचणी टोंचणें सोपें, पण तो आळस झाला. चित्रांत पर्वतीचें शिखर व तळ्यांतल्या गणपतीचें स्थान हीं दोन्ही दिसत असतील, तर तीं एकमेकांशीं कोणत्या बाजूस व किती अंतरानें दिसतात हें पाहावें. पर्वतीवरील देवदेवेश्वर, कार्तिकस्वामी व विष्णु यांच्या देवळांचीं शिखरें एकमेकांस कशीं झांकतात हें पाहावें. दोन स्थिर वस्तु एका ओळींत दिसल्या कीं नकाशावर त्यांतून एक रेषा ओढतां येते; कॅमेरा त्या रेषेवर कोठें तरी होता. दुसरी अशी जोडी सांपडली कीं दुसरी रेषा मिळते, व दोन रेषा जेथें छेदतात तेथें छायाचित्रकार उभा होता. मग त्या जागीं स्वतः जाऊन पाहावें. आज तेथें रस्ता असेल, भिंत असेल, कदाचित् शिखरें दिसणारही नाहींत. तरी रेषा खोट्या ठरत नाहींत. हें काम एका चित्रास एक दिवस खाईल. परंतु असा एक अंक शंभर टांचण्यांहून मोलाचा आहे, कारण तो तपासतां येतो. अशा चित्रास तिसऱ्या दशांशापुढें अंक लिहूं नयेत. शंभर मीटरांच्या आंत स्थान निघालें तरी पुष्कळ झालें.

येथें आम्ही मुख्य आक्षेपाकडे येतों. मागाहून जोडलेला अंक हा ग्रंथाच्या समासांत दुसऱ्या हातानें लिहिलेली टीप होय. समासांतील टीप उपयोगी असते, कित्येकदां मूळ लेखकाहून अधिक जाणत्या माणसाची असते. अनर्थ होतो तो पुढचा नकलनवीस ती टीप मूळांत घालतो तेव्हां. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं आरंभून १९६६ सालीं पुरी केली, त्यांतील श्रमांचा मोठा भाग अशा आगंतुक मजकुरास मूळापासून वेगळा काढण्यांत गेला. पोथींत निदान अक्षराचें वळण, शाईचा रंग, ओळीची जागा हीं साक्षीस असतात. चित्राच्या पुरवणींत यंत्रानें त्या क्षणीं उमटविलेला अंक आणि दहा वर्षांनीं कोणी आठवणीनें लिहिलेला अंक यांचें वळण एकच, शाई एकच. येथें परीक्षकाच्या हातीं कांहींच उरत नाहीं. आमचा आक्षेप अंक जोडण्यास नसून या एकाच शाईला आहे.

आणि ही शाई वेगळी करण्याचा मार्गही शास्त्रांत आधींपासून आहे. अंक कोणत्या रीतीनें मिळाले हें सांगणारा एक रकाना एक्झिफमध्यें आहे : उपग्रहावरून, मोबाइलच्या मनोऱ्यावरून, वायफायवरून, कीं हातानें, असें त्यांत लिहितां येतें. चूक किती मीटरांपर्यंत संभवते हें लिहिण्यासाठींही रकाना आहे. ‘हातानें’ हा एक शब्द आणि ‘शंभर मीटर’ हा एक अंक, एवढेंच लिहावयाचें असतें. कोणीं जोडले, केव्हां जोडले व कशावरून, हें चित्राच्या वर्णनांत दोन ओळींत मराठींत लिहावें. दप्तराचें नांव सांगितल्यावांचून जुनें पत्र छापूं नये हें आपण आपल्या विद्यार्थ्यांस सांगत आलों. मग चित्राच्या बाबतींत ही सूट कां? ‘वेळ नाहीं’ असें उत्तर येतें. ज्यास दोनशें चित्रें घेण्यास वेळ आहे त्याचें हें उत्तर आम्हांस पटत नाहीं.

आणखी एक लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट. कांहीं चित्रसंग्रहांत मागाहून जोडलेला अंक फाइलींत न उतरतां संग्रहाच्या खतावणींतच राहतो. चित्र तेथून उतरवून घेतलें कीं अंक मागें राहतात; आणि तो संग्रह चालविणारांनीं आपलें दुकान बंद केलें, जसें पॅनोरॅमिओ या नकाशावरील चित्रसंग्रहाचें २०१६ सालीं झालें, तर खतावणीही जाते. म्हणून अंक प्रथम आपल्या मूळ फाइलींत, किंवा तिच्या शेजारीं ठेविलेल्या वेगळ्या टिपणांत लिहावे व नंतर चित्र बाहेर पाठवावें. मूळ फाइलीची एक प्रत हात न लावतां वेगळी ठेवावी हें सांगणें न लगे. अंक सुधारतांना जुना अंक पुसूं नये. पाठभेद म्हणून टिपणांत राहूं द्यावा, कारण उद्यां आपला सुधारलेला पाठच चुकीचा निघूं शकतो.

शेवटीं एका गोष्टीविषयीं स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. अचूक अंक जसे अभ्यासकास उपयोगी तसे मूर्तिचोरासही. रानांतील भग्न देवळांत एकटी पडलेली मूर्ति, ओढ्याकांठचा वीरगळ, गढींतील कोरीव दगड, यांवर पहारा नाहीं. पुरावस्तूंसंबंधींचा १९७२ चा कायदा पुस्तकांत आहे, रानांत नाहीं. गुप्तधनाच्या आशेनें समाध्या व किल्ल्यांवरील जोतीं उकरणारे लोकही आहेतच. खासगी वाड्यांतील देवघरांच्या चित्रांचीही हीच गोष्ट. मालकानें प्रेमानें चित्र घेऊं दिलें, म्हणून त्याच्या घराचा बिंदु जगापुढें मांडण्याचा अधिकार आपणांस येत नाहीं. शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड यांचे अंक कितीही सूक्ष्म दिले तरी बाध नाहीं. परंतु उघड्यावरील सुट्या वस्तूंच्या बाबतींत प्रसिद्ध करावयाच्या प्रतींत दोनच दशांश ठेवावे, म्हणजे सुमारें एका किलोमीटरापर्यंत ठाव लागेल. पूर्ण अंक, मूळ जागेविषयीं गांवकऱ्यांनीं सांगितलेली माहिती व सांगणाराचें नांव हीं संग्राहक संस्थेच्या वेगळ्या नोंदवहींत असावीं, आणि कामासाठीं मागणाऱ्या अभ्यासकास तीं ओळख पटवून दाखवावीं.